घरच्या माणसाचं नाव

"बायकोचं नाव?" माढेकर वकिलांनी विचारलं, आणि गुरप्पा घोंगडीवाल्यांनी वर छताकडे पाहिलं.

छतावर एक पाल होती. तिच्याकडून काही मदत होईल असं दिसेना. गुरप्पांनी उपरण्याचं टोक हातात घेतलं, त्याची सुरळी केली आणि पुन्हा उलगडली.

"सांगा लवकर. कारकुनाचा टाक वाळतोय."

"लिवा की, घरचं माणूस."

"घरचं माणूस?" वकिलांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, घरच्या माणसाच्या नावानं मृत्युपत्र केलं, तर उद्या तुमच्या घरातलं मांजरदेखील दावा लावील!"

"मग चन्नवीरची आई लिवा."

"आई-बाई चालत नाही, गुरप्पा. नाव पाहिजे. मागं एका गृहस्थानं नुसतं 'माझी पत्नी' असं लिहिलं आणि डोळे मिटले. कोर्टात तीन पत्न्या उभ्या राहिल्या. त्यांतली एक तर त्यानं जन्मात पाहिली नसेल."

गुरप्पांचे कान लालबुंद झाले. सोलापूरच्या भर बाजारात उभं राहून या माणसानं आयुष्यभर ओरडून ओरडून घोंगड्या विकल्या होत्या. त्यांच्या आवाजानं टांग्याची घोडी बुजत. पण आता घशातून तीन अक्षरं बाहेर पडेनात. नवऱ्यानं बायकोचं नाव चारचौघांत घेऊ नये, घेतलं तर तिचं आयुष्य उणं होतं, असं त्यांच्या आईनं त्यांना लहानपणीच पढवलं होतं. लग्नात एकदा उखाण्यात घ्यावं लागतं, तेवढी सूट. गुरप्पांच्या लग्नात तेवढंही झालं नव्हतं. बायकांनी नाव घ्यायला दार अडवलं, तेव्हा नवरदेव लाजून मागच्या दारानं गोठ्यात पळाले आणि कडब्यात लपून बसले. शोधून आणेपर्यंत बायका जेवायला बसल्या होत्या. त्यानंतर "अगं", "ए" आणि "ऐकलंस का" एवढ्या भांडवलावर त्यांनी सगळा संसार रेटला.

आणि आज ते आले होते ते तिच्याचसाठी. शेजारचा शिवप्पा वारला, तेव्हा त्याच्या मुलानं म्हाताऱ्या आईची, अक्कम्माची, वळकटी माजघरातून उचलली आणि जळणाच्या खोलीत नेऊन टाकली. तिचा पूजेचा चौरंगसुद्धा गोवऱ्यांच्या ढिगाला टेकवून ठेवला. गुरप्पांना ते पाहवलं नाही. त्यात मागच्या बाजारी घोंगडी झटकताना त्यांच्या छातीत कळ आली होती. ते तसेच उठून वकिलांकडे गेले. वकिलांनी कायदा सांगितला, तो ऐकून तर त्यांची झोपच उडाली. घर त्यांनी स्वतःच्या कमाईनं बांधलेलं, त्याचं ते काय वाटेल ते करू शकत होते. पण काही न लिहिता डोळे मिटले, तर घर मुलाचं. बायकोला खायला अन्न, नेसायला लुगडं, आणि मुलगा देईल तो कोपरा.

चन्नवीर तसा गुणी मुलगा. पण शिवप्पाचा मुलगाही बाप मरेपर्यंत गुणीच होता. तरीही आपल्याच पोराविरुद्ध कागद करायचा म्हणजे त्याच्यावर विश्वास नाही असं जगाला सांगणं. गुरप्पांना त्याची इतकी लाज वाटत होती की त्यांनी घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. "पंचांग बघून येतो" असं सांगून ते निघाले होते.

साक्षीला म्हणून माळशिरसकडचा धुळा धनगर बरोबर आणला होता. धुळा वर्षानुवर्षं त्यांना घोंगड्या पुरवायचा, आणि सोलापुरात आला की त्यांच्याच ओसरीवर उतरायचा. गुरप्पांनी आता त्याला कोपरानं ढोसलं.

"धुळा, तू सांग की नाव."

"म्या? मला काय ठावं?" धुळा दचकला. "म्या वैनी म्हंतो."

"अरे, इतक्यांदा जेवलास तिच्या हातचं!"

"जेवलो, खरं हाय. भाकरी वाडताना त्यांनी नाव न्हाय सांगितलं." मग त्याला एक युक्ती सुचली. "वकीलसायेब, तुमीच आदी तुमच्या मंडळींचं नाव सांगा की. मंजी आमच्या मालकास्नी धीर यील."

माढेकर वकील खोकले. कारकुनाला दौतीत काहीतरी पडल्यासारखं वाटलं आणि तो दौतीत बघत बसला. बाकावर करकंबचे दोघे भाऊ बांधाच्या भांडणासाठी येऊन बसले होते. सकाळपासून ते एकमेकांकडे पाठ करून होते. आता दोघेही एकदम वळून बघू लागले.

"हे पाहा," वकील म्हणाले, "मी संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला निघालो. हायकोर्टात काम आहे, लवकर परतणं नाही. मधल्या काळात तुमच्या छातीत परत कळ आली, तर तुमच्या घरच्या माणसाला घर मिळणार नाही. लाज मोठी की घर, ते ठरवा."

गुरप्पांनी ठरवलं. म्हणजे काय, तर त्यांनी धुळाला बाजूला घेतलं. "असं कर. पळत घरी जा आणि तिलाच नाव इचारून ये. पण हे बघ, कशाला पाहिजे ते सांगायचं न्हाई. कागदाचं तर अजिबात न्हाई. तुला तुझ्या बिरोबाची आण."

"आण घातली मंजी संपलं," धुळा म्हणाला आणि काठी घेऊन निघाला.

इकडे गुरप्पांच्या घरासमोरच्या कट्ट्यावर त्यांचं घरचं माणूस ज्वारी पाखडत बसलं होतं. बाजूला अक्कम्मा आणि गल्लीतल्या आणखी काही जणी होत्या. धुळा धापा टाकत समोर येऊन उभा राहिला.

"वैनी, तुमचं नाव काय?"

सूप थांबलं. गल्लीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. परक्या पुरुषानं बाईमाणसाला भर दुपारी तोंडावर नाव विचारावं, तेही कट्ट्यावर, सगळ्यांदेखत!

"का वो, धुळाभाऊ?"

धुळा खोटं बोलणारा माणूस नव्हता. आणि आणही मोडायची नव्हती. त्यामुळे त्यानं मधलं खरं सांगितलं. "कचेरीत पायजे."

"कुठल्या कचेरीत?"

"ते सांगायचं न्हाय. आण हाय."

"हे कुटं हायत?"

"तितंच हायत. बसिवल्यात."

"बसिवल्यात?" सूप हातातून खाली गेलं. "आणि सोडणार कवा?"

"तुमचं नाव कळल्याबिगर तर काय सोडत न्हाईत बगा," धुळा अगदी मनापासून म्हणाला.

गेल्याच वर्षी सोलापुरात मार्शल लॉ लागला होता. कुणाला कुठून उचललं आणि कुठं नेऊन बसवलं याच्या गोष्टी अजून घरोघर चालल्या होत्या. कचेरी म्हटलं की बायका दाराला कडी घालायच्या. "अय्यो शिवने!" म्हणून गुरप्पांच्या घरच्या माणसानं कपाळावर हात मारला आणि पायात काही न घालता रस्ता धरला. तिच्यामागं अक्कम्मा, अक्कम्मामागं गल्ली. वाटेत दुकानावरून चन्नवीरला घेतलं. त्यानं गिऱ्हाइकाच्या खांद्यावरची घोंगडी तशीच ठेवली आणि तोही पळाला. गिऱ्हाईक घोंगडी परत द्यायला त्याच्यामागं आलं. "कुनाला धरलंय?" असं वाटेत ज्यानं ज्यानं विचारलं, तो तो पाठोपाठ निघाला. धुळा सगळ्यांत मागं होता आणि ओरडत होता, "वैनी, नाव र्‍हायलं! नाव सांगा की!"

वकिलांच्या खोलीत इकडे वेगळाच प्रकार चालला होता. धुळाची वाट बघून वकील कंटाळले. घड्याळाकडे बघून त्यांनी कागद आवरायला घेतले, तशी गुरप्पांना गोवऱ्यांना टेकवलेला अक्कम्माचा चौरंग आठवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

करकंबच्या थोरल्या भावाला ते बघवलं नाही. "सावकार, नुस्तं नाव घ्यायची लाज वाटती ना? मग उखाणा घ्या. उखाण्यात चालतंय की."

"व्हय की," धाकटा म्हणाला. बांध फुटल्यापासून भाऊ म्हणाला त्याला तो प्रथमच 'व्हय' म्हणत होता. "लगीन हाय असं समजा. आमी वऱ्हाडी."

"या वयात उखाणा?" गुरप्पांनी तोंडावर उपरणं घेतलं.

"घ्या बुवा, काय घ्यायचं ते घ्या," वकील म्हणाले. "पण घ्या."

गुरप्पा उठले. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तिथं एक कॅलेंडर होतं, त्याच्याकडे बघणं त्यातल्या त्यात सोपं होतं. त्यांनी बराच वेळ ओठ हलवले. मग घोंगडीचा भाव सांगायचा तो बाजारचा आवाज त्यांच्या मदतीला धावून आला. डोळे गच्च मिटून त्यांनी आरोळीच ठोकली.

"घोंगडी टिकते वर्षं बारा, घर टिकतं शंभर,
बसव्वाच्या नावावर लिहा म्युनिसिपालटीचा नंबर!"

"वा!" दोघे भाऊ एकदम ओरडले. कारकुनानं टाक दौतीत बुडवला आणि झरझर 'बसव्वा' लिहिलं. गुरप्पांच्या अंगातून घाम निथळत होता, पण छाती हलकी झाली होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी बायकोचं नाव घेतलं होतं, आणि तेही सात रस्त्याच्या चौकापर्यंत ऐकू जाईल असं. लाजत, पण थोडंसं हसत ते मागं वळले.

दारात त्यांचं घरचं माणूस उभं होतं. मागं गल्ली होती. खिडकीतून खाली रस्त्यावर गिऱ्हाईक आणि घोंगडी दिसत होती.

"कुणाच्या नावावर घर?" तिनं विचारलं.

आनंदानं विचारतेय असं वाटून गुरप्पांनी मान खाली घातली. "तुझ्याच की."

"आत्ता काय नाव घेतलं तुमी?"

ते दुसऱ्यांदा घ्यायची हिंमत गुरप्पांत नव्हती. करकंबचा धाकटा मदतीला आला. "बसव्वा म्हनले की, बाई. लई झ्याक उखाणा हुता."

"बसव्वा?" ती म्हणाली. "बसव्वा माझी अक्का हाय. अक्कलकोटात दिलेली थोरली भन."

गल्लीतल्या एकीनं तोंडावर हात ठेवला. "अगं बया! मेव्हणीला घर!"

ते वाक्य दारातून जिन्यात गेलं आणि जिन्यातून रस्त्यावर पोचलं. तिथं उभ्या असलेल्या लोकांना कुणाला धरलंय ते कळलं नव्हतं. पण का धरलंय ते आता समजलं. चन्नवीरनं बापाकडे असं पाहिलं की गुरप्पांना वाटलं, धरती दुभंगली तर पोटात जाऊन बसावं.

"न्हाई, न्हाई," ते पुटपुटले. "बसव्वा तूच की. मग तू कोन?"

बायकोला, चारचौघांत, मुलादेखत, वकिलासमोर कुणी कधी असा प्रश्न विचारला नसेल. प्रश्न तोंडातून निघाल्यावर गुरप्पांना ते कळलं.

माढेकर वकिलांनी इतका वेळ बोट ओठांवर दाबून धरलं होतं. ते काढून ते अदबीनं म्हणाले, "बाई, आपलं नाव काय?"

तिनं पदर पुढं ओढला आणि खाली बघून सांगितलं. "काशम्मा."

"काशम्मा?" गुरप्पा म्हणाले. कुणीतरी नवीन ओळख करून द्यावी तसा त्यांचा सूर होता.

"पयलं अक्काचंच ठरलं हुतं," काशम्मा वकिलांना सांगू लागली. नवऱ्याकडे तिनं पाहिलंही नाही. "लग्नाच्या तोंडावर अक्काला गोवर आला. मुहूर्त मोडायचा न्हाई म्हणून वडिलांनी मला उभी केली. ह्यांच्या मामाला सांगितलं हुतं. ह्यांना कुणी सांगितलं न्हाई वाटतं. ह्यांनीबी कधी इचारलं न्हाई."

"पण तुझ्या माहेरी तुला तंगी म्हंतात," गुरप्पा काकुळतीला येऊन म्हणाले.

"धाकट्या भनीला तंगीच म्हंत्यात की! ते काय नाव हाय व्हय?" आता मात्र ती वळली. "येवढी वर्सं तुमी कुणाशी संसार केला वो? बसव्वा समजून?"

"न्हाई गं," गुरप्पा म्हणाले. "नुस्तं 'अगं' समजून."

हे त्यांनी अगदी खरं सांगितलं. पण खरं सांगितल्यामुळं ते काही बरं झालं नाही. बायकांत कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि अक्कम्मानं तिला डोळ्यांनी गप्प केलं.

"हा कागद असाच झाला असता," वकील म्हणाले, "तर गुरप्पांच्या पश्चात घर गेलं असतं अक्कलकोटला. आणि काशम्माबाईंना सख्ख्या बहिणीवर दावा लावावा लागला असता. मी स्वतः तो चालवला असता आणि स्वतःच हरलो असतो." मग ते चन्नवीरकडे वळले. तो इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेला होता. "काय हो, तुम्हाला तरी आईचं नाव ठाऊक होतं?"

"अव्वा," चन्नवीर आईला घरी हाक मारायचा तेच म्हणाला. मग त्यालाच ते कसंतरी वाटलं आणि तो आपल्या पायांकडे बघत राहिला.

"पण घर माझ्या नावावर कशाला?" काशम्माला ते आता आठवलं. "तुमाला काय झालंय?"

गुरप्पा एकदा मुलाकडे आणि एकदा अक्कम्माकडे बघत होते, आणि ते काशम्मानं पाहिलं. अक्कम्मानंही पाहिलं. ती भिंतीशी खाली बसली. चन्नवीरलाही समजलं असावं. त्यानं वकिलांपुढं येऊन हळूच सांगितलं, "लिवा की साहेब. अव्वाच्या... काशम्माच्या नावावर."

गुरप्पांना तेव्हा जी लाज वाटली, तिच्यापुढं मघाची लाज काहीच नव्हती. मुलाचा भरवसा नाही म्हणून त्याच्यापासून चोरून आले, आणि तो एका शब्दात तयार झाला. बायकोचं रक्षण करायला आले, आणि तिला घराबाहेर काढणारा कागद जवळजवळ स्वतःच्या हातानं करून बसले होते. शिवप्पाच्या मुलानं निदान आईची वळकटी तरी घरात ठेवली होती.

कारकुनानं 'बसव्वा' खोडून तो सगळा कागदच नव्यानं लिहिला. गुरप्पांनी मोडीत सही केली. धुळानं साक्षीचा अंगठा उमटवला आणि अंगठा धोतराला पुसत म्हणाला, "वैनी, हे नाव मघाच सांगितलं असतं तर येवढा कुटाणा झाला नसता बगा." दुसरी साक्ष कारकुनानंच घातली. करकंबच्या दोघा भावांनी वकिलांना सांगितलं की आमचं काम आज राहू द्या, आम्ही घरी जाऊन बघतो, आणि ते उखाणा म्हणत जिना उतरले.

परत जाताना रोजच्या रीतीनं गुरप्पांनी पुढं आणि बायकोनं मागून चालायला हवं होतं. त्या दिवशी काशम्मा पुढं चालली होती आणि गुरप्पा बरंच मागं, उपरणं डोक्यावरून घेऊन. तरी लोकांनी ओळखलंच. चहाच्या दुकानातून कुणीतरी विचारलं, "काय सावकार, नाव सापडलं का?" गुरप्पा आणखी मागं पडले.

संध्याकाळी ते जेवायला बसले. समोर ताट वाढलेलं होतं, पण पाण्याचा तांब्या नव्हता. चुलीशी भाकरी थापल्याचा आवाज येत होता. वकिलाकडून आल्यापासून काशम्मा एक अक्षर बोलली नव्हती. गुरप्पांच्या ओठांवर सवयीनं "अगं" आलं. त्यांनी ते गिळलं. चन्नवीर शेजारीच जेवत होता, त्यामुळं फारच जड गेलं. पण आज एवढी अब्रू गेलीच होती, तिच्यात आणखी काय जायचं राहिलं होतं? त्यांनी घसा खाकरला.

"काशम्मा."

भाकरीचा आवाज चालूच राहिला. ऐकू गेलं नसेल, असं वाटून त्यांनी जरा मोठ्यानं म्हटलं, "काशम्मा!"

आवाज थांबला. काशम्मा पिठाच्या हातांनी लगबगीनं बाहेर आली. पदर डोक्यावर घेत ती नवऱ्याच्या आणि मुलाच्या समोरून तशीच पुढं गेली, दाराची कडी काढली आणि गल्लीत दोन्हीकडे बघितलं. मग वळून गुरप्पांना म्हणाली, "अवं, जरा उठून बघता का? कुणीतरी मला हाक मारली. माझ्या गावाकडचं कोन आलंय काय की!"